बहुसांस्कृतिक देशाचे नागरिकत्व कसे अभ्यासावे : कायदा, शपथ आणि जनगणना वाचण्याची एक पद्धत

अनेक भाषा, धर्म आणि वंशांचे लोक जिथे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहतात, त्या देशाची राष्ट्रीय ओळख नेमकी कशात आहे, हा प्रश्न विद्यार्थ्याला निबंधात पडतो, पत्रकाराला बातमी लिहिताना पडतो आणि परदेशी स्थायिक होऊ पाहणाऱ्याला तर आयुष्याचा निर्णय घेताना पडतो. उत्तर शोधताना बहुतेक जण आधी पुढाऱ्यांच्या भाषणांकडे वळतात आणि तिथेच वाट चुकते. बहुसांस्कृतिक समाजाचा प्रयोग सपशेल फसला आहे, असे जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मेर्केल यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये जाहीर केले आणि पुढच्याच फेब्रुवारीत ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी म्युनिकमध्ये तसाच सूर लावला. मात्र त्याच जर्मनीने १ जानेवारी २००० पासून परदेशी आईवडिलांच्या, आपल्या भूमीवर जन्मलेल्या मुलांना काही अटींवर जन्मतःच नागरिकत्व द्यायला सुरुवात केलेली होती आणि २०२४ मध्ये दुहेरी नागरिकत्वही सर्वसाधारणपणे मान्य केले. भाषणे एका दिशेने जात होती आणि राजपत्र दुसऱ्या दिशेने. म्हणून राजपत्रापासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढे दिलेली पद्धत त्याच क्रमाने जाते.

अभ्यासाला बसताना चार कागद हाताशी असावेत : देशाचा नागरिकत्वाचा कायदा त्यातील सर्व दुरुस्त्यांसह, नव्या नागरिकाने घ्यायच्या शपथेचा मजकूर, जनगणनेची प्रश्नावली आणि संविधानातील भाषा व धर्म यांविषयीची कलमे. बहुतेक देशांत हे चारही सरकारी संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. शक्य असेल तर एकाच वेळी दोन देश घ्यावेत, कारण एकच कायदा वाचला की त्यातली प्रत्येक तरतूद स्वाभाविक वाटू लागते. दुसरा शेजारी ठेवला की तीच तरतूद कोणीतरी विचारपूर्वक केलेली निवड आहे, हे दिसू लागते.

आधी शब्द वेगळे करा

मराठीत नागरिकत्व, राष्ट्रीयत्व आणि राष्ट्रीय ओळख हे तीन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. अभ्यासापुरते त्यांना वेगळे ठेवावे लागते. नागरिकत्व म्हणजे व्यक्ती आणि राज्य यांच्यातले कायदेशीर नाते; त्याला कागद असतो, हक्क आणि कर्तव्ये असतात आणि ते न्यायालयात सिद्ध करता येते. राष्ट्रीय ओळख म्हणजे ‘आम्ही’ हा शब्द उच्चारताना मनात कोण कोण येते, याविषयीची सामायिक समजूत. तिला कागद नसतो. राष्ट्रीयत्व हा शब्द मात्र घसरडा आहे. काही देशांत तो नागरिकत्वाचा समानार्थी शब्द आहे, तर पूर्वीच्या सोव्हिएत संघात देशांतर्गत पासपोर्टवर नागरिकत्वाखेरीज राष्ट्रीयत्वाचा स्वतंत्र रकाना होता आणि त्यात रशियन, युक्रेनी, आर्मेनियन, ज्यू अशी वांशिक नोंद असे. तेव्हा वाचत असलेल्या दस्तऐवजात हा शब्द कोणत्या अर्थाने आला आहे, ते पहिल्याच पानावर टिपून ठेवावे.

नागरिकत्व आणि ओळख यांच्यात पडणारी दरी हाच या अभ्यासाचा खरा विषय आहे. एखाद्याजवळ कागद असतो, पण शेजारी त्याला ‘तू मूळचा कुठला?’ असे विचारत राहतात. दुसरा मनाने पूर्णपणे त्या देशाचा असतो, त्याच भाषेत स्वप्ने पाहतो, पण त्याच्याजवळ कागद नसतो. कायद्याचे प्रत्येक कलम वाचताना या दोघांना डोळ्यांसमोर ठेवावे.

जन्माचे दार पाहा, आणि तारखा लिहून घ्या

जगातील बहुतेक लोकांनी आपले नागरिकत्व निवडलेले नसते. ते त्यांना जन्माने मिळते. हे दोन प्रकारे घडते. आईवडील नागरिक म्हणून मूल नागरिक, हे रक्तसंबंधाचे तत्त्व झाले. देशाच्या भूमीवर जन्म झाला म्हणून नागरिक, हे जन्मस्थानाचे तत्त्व झाले. अमेरिकेने १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने दुसरे तत्त्व संविधानात लिहिले, कारण कृष्णवर्णीय लोक नागरिक असूच शकत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८५७ मध्ये दिलेला होता आणि गुलामगिरी संपल्यावर तो कायमचा पुसून टाकणे गरजेचे होते. तरीही तिथल्या सर्व आदिवासी रहिवाशांना नागरिकत्व मिळायला १९२४ साल उजाडावे लागले. मोठे तत्त्व कागदावर येणे आणि ते सर्वांपर्यंत पोहोचणे यांत किती वर्षे गेली, हे मोजण्याची सवय इथूनच लावून घ्यावी.

आजच्या बहुतेक देशांत या दोन तत्त्वांचे मिश्रण आढळते आणि ते कोणत्या तारखेला बदलले, यात त्या देशाचा इतिहास दडलेला असतो. आयर्लंडने भूमीवर जन्मलेल्या प्रत्येकाला मिळणारा विनाअट हक्क २००४ च्या सार्वमतानंतर काढून घेतला. भारताच्या १९५५ च्या कायद्यात दोन तारखा निर्णायक आहेत : १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक ठरते, त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आई किंवा वडील यांपैकी एक भारतीय नागरिक असणे आवश्यक झाले, आणि ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्यांसाठी, दुसरे पालक नागरिक नसतील तर ते बेकायदा स्थलांतरित नसावेत, ही अट वाढली. अशा प्रत्येक तारखेसमोर त्या काळी तिथे कोणते स्थलांतर चालू होते, ते लिहावे. कलम अचानक बदललेले नसते. त्यामागे कोणाच्या तरी येण्याची चिंता असते.

इथे एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे आणि मी तो शिकवताना नेहमी करवून घेतो. एक कल्पित मूल घ्यावे आणि त्याला त्या कायद्यातून चालवावे. समजा, तुर्कस्तानातून जर्मनीत येऊन दीर्घकाळ कायदेशीर वास्तव्य केलेल्या दांपत्याला फेब्रुवारी २००० मध्ये मुलगी झाली. आई किंवा वडील यांपैकी एकाचे आठ वर्षांचे कायदेशीर वास्तव्य आणि कायम वास्तव्याचा परवाना असेल, तर ती जन्मतः जर्मन नागरिक झाली. तिच्या सात वर्षांच्या भावाला मात्र, तो त्याच शहरात जन्मलेला असूनही, असे आपोआप काही मिळाले नाही. दहा वर्षांखालील अशा मुलांसाठी २००० च्या अखेरपर्यंत खास अर्जाची मुदत होती आणि आईवडिलांना ती समजली नसती, तर ती निघून गेली असती. मुलीचीही वाट सरळ नव्हती : मूळच्या तरतुदीनुसार मोठेपणी, २३ वर्षांची होण्याआधी, तिला जर्मन आणि तुर्की नागरिकत्वांपैकी एक निवडावे लागले असते. ही सक्ती २०१४ मध्ये बरीच सैल झाली आणि २०२४ मध्ये पूर्णपणे गेली. एकाच घरातली दोन भावंडे, एकच दप्तर वापरणारी आणि एकाच शाळेत जाणारी, कायद्यापुढे मात्र दोन वेगळ्या माणसांसारखी उभी राहतात. असे एक उदाहरण शेवटपर्यंत नेले, की कायद्याची भाषा जिवंत होते.

अर्जाचे दार : किती वर्षे, कोणती परीक्षा, आणि ठरवणार कोण

स्वीकृत नागरिकत्वाच्या, म्हणजे अर्ज करून मिळणाऱ्या नागरिकत्वाच्या अटी वाचताना वास्तव्याची वर्षे सर्वांत आधी नजरेत भरतात. कॅनडात अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष वास्तव्य पुरते, तर स्वित्झर्लंडमध्ये साधारण प्रक्रियेसाठी दहा वर्षे लागतात. वर्षांची तुलना उपयोगाची असली, तरी तिथेच थांबू नये. भाषेची पातळी कोणती मागितली आहे, परीक्षेत काय विचारले जाते, शुल्क किती आहे, वृद्धांना आणि अपंगांना सवलत आहे का, हेही पाहावे. ब्रिटनने २००५ पासून सुरू केलेल्या परीक्षेत २४ प्रश्न असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी १८ बरोबर यावे लागतात. प्रश्नांचे नमुने मिळवून त्यांचे दोन गट पाडावेत : हक्क, कायदे आणि संस्था यांविषयीचे एका बाजूला, आणि राजघराणी, खेळ, सण यांविषयीचे दुसऱ्या बाजूला. पहिला गट जड असेल, तर तो देश नव्या माणसाकडे नागरिक म्हणून पाहतो आहे. दुसरा जड असेल, तर तो त्याच्याकडून एका विशिष्ट संस्कृतीची ओळख मागतो आहे.

याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे निर्णय कोण घेते. स्वित्झर्लंडमधील लुसर्न कँटनमध्ये, म्हणजे तिथल्या एका प्रांतात, एमेन नावाचे गाव आहे. तिथे नागरिकत्वाचे अर्ज मतपेटीने निकाली काढण्याची पद्धत होती. मार्च २००० मध्ये मतदारांनी इटलीतून आलेल्या अर्जदारांना स्वीकारले आणि पूर्वीच्या युगोस्लावियातून आलेल्यांना नाकारले. वर्षानुवर्षे शेजारी राहणाऱ्या, कर भरणाऱ्या, नियमात बसणाऱ्या माणसाला केवळ त्याच्या मूळ देशामुळे नकार मिळतो आणि नकाराचे कारणही कोणी सांगत नाही, कारण मतपेटी कारण देत नसते. २००३ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने अशा मतदानाने नागरिकत्व ठरवणे संविधानाला धरून नाही, असा निर्णय दिला : भेदभाव होऊ नये आणि नकाराचे कारण मिळावे, हा अर्जदाराचा हक्क आहे. या एका प्रकरणात आपल्या विषयातला कळीचा ताण सापडतो. समाजाला आपले सदस्य निवडण्याचा अधिकार आहे, असे एक बाजू म्हणते. राज्याने ठरवलेल्या अटी पूर्ण करणाऱ्याला समाजाच्या पसंतीवर अवलंबून ठेवता येणार नाही, असे दुसरी म्हणते. माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे. तुम्ही स्वतंत्रपणे विचार करून ठरवा, पण ठरवण्यापूर्वी आपण ज्या देशाचा अभ्यास करत आहोत, तिथे अर्ज नाकारल्यास लेखी कारण मिळते का आणि दाद मागता येते का, ही दोन उत्तरे शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शपथेतली क्रियापदे अधोरेखित करा

शपथ हा सर्वांत छोटा आणि सर्वांत बोलका दस्तऐवज असतो. तीन देशांच्या शपथा एकाखाली एक लिहून काढाव्यात आणि नव्या नागरिकाला काय काय करायला सांगितले आहे, तेवढी क्रियापदे अधोरेखित करावीत. अमेरिकेच्या शपथेत पहिलाच भर सोडण्यावर आहे : परकीय राजा वा राज्यावरील निष्ठेचा पूर्णपणे त्याग करतो, असे माणूस म्हणतो, व्यवहारात मात्र ते राज्य दुहेरी नागरिकत्व चालवून घेते. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिज्ञेत निष्ठा देशाला आणि तिथल्या लोकांना वाहिलेली आहे, त्यांच्या लोकशाही श्रद्धा आपल्याही असल्याचे सांगितले आहे, आणि ईश्वराचा उल्लेख असलेला व नसलेला असे दोन्ही मजकूर उपलब्ध आहेत. कॅनडाच्या शपथेत राजावरील निष्ठेनंतर कायद्यांचे पालन येते आणि २०२१ पासून त्यात एक नवा भाग आहे : फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटी या मूळ रहिवासी समूहांच्या हक्कांना व करारांना संविधानाने मान्यता दिलेली आहे, हे नव्या नागरिकाला शपथेतच उच्चारावे लागते. कालपरवा आलेल्या माणसाला हा देश सांगतो आहे की तू इथे आलास तेव्हा ही भूमी रिकामी नव्हती. मला हे वाक्य अतिशय मोलाचे वाटते, कारण बहुसांस्कृतिकतेच्या चर्चेत स्थलांतरितांचा विचार होताना मूळ रहिवाशांचा विसर हमखास पडतो.

त्यानंतर शपथेत काय मागितलेले नाही, याची यादी करावी. वरच्या तिन्हींत विशिष्ट धर्म, पोशाख किंवा आहार यांची मागणी नाही. कधी मागणी शपथेऐवजी समारंभात ठेवलेली असते : डेन्मार्कने २०१९ पासून नागरिकत्वाच्या समारंभात अधिकाऱ्याशी हस्तांदोलन बंधनकारक केले, आणि परक्या स्त्री वा पुरुषाच्या हाताला स्पर्श न करणाऱ्या धार्मिक लोकांना डोळ्यांसमोर ठेवून हे झाले, अशी चर्चा त्या वेळी उघडपणे झाली. म्हणून समारंभाचे नियमही वाचावेत.

जनगणना काय विचारते आणि काय विचारत नाही

राज्य आपल्या लोकांकडे कोणत्या रकान्यांतून पाहते, हे जनगणनेत कळते. ब्रिटनने वांशिक गटाचा प्रश्न १९९१ मध्ये प्रथम विचारला आणि २००१ मध्ये मिश्र वंशाच्या लोकांसाठी वेगळा पर्याय दिला. म्हणजे त्याआधी अशा माणसाला स्वतःसाठी नेमका चौकोनच नव्हता. फ्रान्सचे राज्य याच्या उलट टोकाला आहे : प्रजासत्ताक अविभाज्य आहे, नागरिकांत वंश वा धर्मावरून फरक करायचा नाही, म्हणून तशी मोजणीही करायची नाही, अशी तिथली भूमिका आहे. दोन्हींमागे समतेचाच विचार आहे. मोजले नाही तर भेदभाव सिद्ध कसा करायचा, असे एक म्हणतो. मोजले तर माणसे त्या चौकोनांत कायमची अडकतात, अशी भीती दुसरा व्यक्त करतो. लेबनॉनमध्ये तर शेवटची अधिकृत जनगणना १९३२ मध्ये झाली, कारण तिथली सत्तावाटपाची रचना धार्मिक गटांच्या प्रमाणावर उभी आहे आणि नवे आकडे ती हलवू शकतात.

भाषा आणि राष्ट्रगीत यांच्याकडे थोडक्यात पाहिले तरी चालेल. दक्षिण आफ्रिकेने १९९६ च्या संविधानात ११ अधिकृत भाषा मान्य केल्या, २०२३ मध्ये सांकेतिक भाषेची भर घातली आणि तिथले राष्ट्रगीत पाच भाषांत गायले जाते. ऑस्ट्रेलियाने १ जानेवारी २०२१ पासून राष्ट्रगीतातील ‘तरुण’ हा शब्द बदलून तिथे ‘एक’ असा शब्द घातला, कारण ज्या भूमीवर हजारो वर्षांपासून लोक राहत आहेत, त्या देशाला तरुण म्हणणे म्हणजे त्या लोकांना वगळणे होते. अशा छोट्या दुरुस्त्यांच्या मागची संसदेतली आणि बाहेरची चर्चा मिळाली, तर जरूर वाचावी.

कागद असूनही डळमळीत असलेले लोक

आतापर्यंत आत येण्याचा विचार झाला. पण देशाची खरी परीक्षा आत आलेल्यांच्या बाबतीत होते, म्हणून अभ्यासाचा सर्वाधिक वेळ इथे द्यावा. सर्व नागरिक समान आहेत का, हे पाहण्यासाठी तीन प्रश्न पुरतात : स्वीकृत नागरिकाला कोणते पद मिळू शकत नाही, दुहेरी नागरिकाला कोणते मिळू शकत नाही, आणि कोणाचे नागरिकत्व काढून घेता येते.

अमेरिकेत स्वीकृत नागरिक राष्ट्राध्यक्ष होऊ शकत नाही. ऑस्ट्रेलियाच्या संविधानातील ४४ वे कलम दुहेरी नागरिकाला संसदेत बसू देत नाही आणि त्याचा फटका २०१७ मध्ये थेट उपपंतप्रधान बार्नबी जॉईस यांना बसला. ते ऑस्ट्रेलियातच जन्मलेले, पण वडील न्यूझीलंडचे असल्याने वंशाने त्यांना तिथलेही नागरिकत्व मिळालेले होते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची निवड अवैध ठरवली. तोवर त्यांनी ते नागरिकत्व सोडलेले होते आणि पोटनिवडणुकीत ते पुन्हा निवडून आले. ब्रिटनमध्ये २०१४ च्या दुरुस्तीनुसार देशहिताला गंभीर बाधा आणल्याच्या कारणाने स्वीकृत नागरिकाचे नागरिकत्व, त्याला दुसऱ्या देशाचे मिळू शकते असा गृहमंत्र्यांचा रास्त समज असेल तर, काढून घेता येते. जन्माने एकट्या ब्रिटनचाच असलेल्याचे तसे काढता येत नाही. गुन्हा सारखाच असला तरी एकाला तुरुंग आणि दुसऱ्याला तुरुंगाबरोबर देशाबाहेरची वाट, हा फरक टिपून ठेवावा.

याहून भयंकर स्थिती म्हणजे कोणत्याच देशाचे नागरिक नसणे. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचे १५ वे कलम प्रत्येकाला राष्ट्रीयत्वाचा हक्क देते आणि राज्यविहीनतेविषयी १९५४ व १९६१ चे दोन आंतरराष्ट्रीय करार आहेत. तुमच्या देशाने त्यांवर सही केली आहे का, हे पाहावे. म्यानमारच्या १९८२ च्या कायद्याने १८२३ पूर्वीपासून तिथे असलेल्या मान्य वांशिक गटांना पूर्ण नागरिकत्व दिले आणि रोहिंग्या त्या मान्य गटांत नव्हते. डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या संविधान न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये असा निकाल दिला, की १९२९ पासून तिथे जन्मलेल्या, पण ज्यांचे आईवडील नियमित रहिवासी नव्हते, अशांचे नागरिकत्व मुळातच नव्हते. त्याचा सर्वाधिक घाव हैतीवंशीय लोकांवर बसला. आजी तिथे जन्मलेली, आई तिथे जन्मलेली, नातही तिथेच जन्मलेली, आणि एका सकाळी तिघींनाही तुम्ही कधी इथल्या नव्हताच, असे सांगितले जाते. दुसऱ्या बाजूला, सोव्हिएत काळात आलेल्या आणि स्वातंत्र्यानंतर ‘अनागरिक’ ठरलेल्या लोकांच्या मुलांना, आईवडिलांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेले नसेल तर, लाटवियाने १ जानेवारी २०२० पासून जन्मतः नागरिक मानायला सुरुवात केली. बदल दोन्ही दिशांना होतात, हे दाखवणारी अशी जोडी शोधून लेखात मांडावी.

आणखी एक गट सहज नजरेतून सुटतो : नागरिक नसतानाही हक्क असलेले रहिवासी. न्यूझीलंडने कायम रहिवाशांना १९७५ पासून संसदेच्या निवडणुकीतही मतदानाचा हक्क दिला आहे, तर स्वीडनने परदेशी रहिवाशांना १९७६ पासून स्थानिक निवडणुकांत तो दिला. नागरिकत्वाचा प्रत्येक हक्क कागदाशीच बांधलेला असावा लागतो, हा समज इथे तुटतो.

निष्कर्ष लिहिताना

लिहायला बसल्यावर ‘हे लोक मिसळले नाहीत’ किंवा ‘हा देश उदार आहे’ अशी वाक्ये टाळावीत, कारण त्यांत कर्ता धूसर राहतो. त्याऐवजी कोणी, कोणत्या साली, कोणत्या कलमाने, कोणासाठी काय बदलले, असे लिहावे. प्रत्येक अटीसमोर एक प्रश्न ठेवावा : ही अट पूर्ण करण्यासाठी कोणाला बदलावे लागते, आणि कोणाला काहीच करावे लागत नाही? कायद्याचे पालन सर्वांनाच करावे लागते, म्हणून ती अट नागरिकत्वाची आहे. एका गटाची रीत दुसऱ्या सर्वांनी उचलावी, अशी अट असेल, तर ती बहुसंख्याकांची ओळख राष्ट्राच्या नावाने मागितली जाते आहे, असे स्पष्टपणे लिहावे, आणि ज्यांना ती अट योग्य वाटते त्यांची बाजूही त्यांना मान्य होईल अशाच शब्दांत मांडावी. मलेशियाच्या संविधानाचे १६० वे कलम मलय माणसाची व्याख्या इस्लाम धर्म, मलय भाषा आणि मलय चालीरीती यांनी करते. त्यावर टीका करण्याआधी वसाहतकाळात त्या समाजाची आर्थिक स्थिती काय होती, हे वाचले नसेल, तर टीका उथळ राहील.

कायद्याचा मजकूर आणि त्याची अंमलबजावणी यांची गल्लत करू नये. कायद्यात पाच वर्षे लिहिलेली असतात, पण अर्ज कार्यालयात पडून राहिल्याने माणसाला प्रत्यक्षात सात लागू शकतात. न्यायालयांचे निकाल आणि अर्जदारांचे अनुभव मिळवून दोन्ही बाजू वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवाव्यात.

सगळे लिहून झाल्यावर प्रत्येक कलमासमोर आपण ते कोणत्या दिवशी तपासले, ती तारीख घालावी. २७ जून २०२४ पूर्वी जर्मनीविषयी लिहिलेल्या मजकुरात वास्तव्याची अट आठ वर्षे अशी होती आणि ती तेव्हा बरोबर होती; त्या दिवसापासून ती पाच वर्षे झाली, आणि आज तो जुना मजकूर वाचून कोणी अर्ज करायला तीन वर्षे थांबले, तर ती तीन वर्षे त्याने मतदानाच्या हक्काशिवाय काढलेली असतील.